मधलं अनंत कुणी पाहिलंय का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका चौकटीत ‘सगळी अनंतं एकाच मापाची नसतात’ असं एक वाक्य सहज टाकून दिलं होतं. ते बऱ्याच जणांना खटकलं, आणि काहींना इतकं आवडलं की त्यांनी पानंच्या पानं लिहून पाठवली. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यावरच. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, गावं देतेय.

मॅडम, मी अकरावीत आहे. क्लासमध्ये सरांनी सांगितलं की १, २, ३, ४... या सगळ्या संख्या आणि फक्त सम संख्या ‘तेवढ्याच’ आहेत. पण विषम काढून टाकल्या ना? मग अर्ध्याच उरायला पाहिजेत. सर म्हणाले पाठ कर. (नाशिक)

पाठ करू नकोस अजिबात. तुझा वैताग गॅलिलिओचाही होता, १६३८ च्या त्याच्या पुस्तकात हाच घोळ आहे, त्याने सम संख्यांऐवजी १, ४, ९, १६ असे वर्ग घेतले होते एवढंच. प्रत्येक संख्येला आपला एक वर्ग, प्रत्येक वर्गाला आपलं एक मूळ, म्हणजे दोन्ही सारखेच, पण वर्ग तर मध्येमध्ये विखुरलेले, म्हणजे कमी. शेवटी त्याने हात टेकले आणि म्हटलं की अनंताच्या बाबतीत कमी, जास्त, सारखं हे शब्द वापरूच नयेत.

त्याच्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी गेओर्ग कँटर या जर्मन गणितज्ञाने ते शब्द वापरायचं ठरवलं, फक्त अर्थ आधी पक्का करून. पंगतीत पानं जास्त मांडलीत की माणसं जास्त आलीत हे बघायला दोन्ही वेगवेगळी मोजावी लागत नाहीत, सगळे बसले, एकही पान रिकामं नाही आणि कुणी उभं नाही, की संपलं, सारखीच आहेत. यालाच पुस्तकात एकास-एक संगती म्हणतात. आता १ च्या समोर २, २ च्या समोर ४, ३ च्या समोर ६ असं बसव, कुणीही उरत नाही. तू म्हणतेस ते ‘अर्ध्या’ म्हणजे एक संच दुसऱ्याच्या पोटात आहे, आणि तेही खरंच आहे. शंभर-दोनशे वस्तूंच्या बाबतीत ही दोन मापं कायम एकच उत्तर देतात म्हणून आपल्याला ती एकच वाटतात, अनंतात गेलं की ती फुटतात. डेडेकिंडने तर १८८८ मध्ये हीच व्याख्या करून टाकली की जो संच स्वतःच्याच एखाद्या तुकड्याशी असा जुळतो तो अनंत.

अपूर्णांकांचंही तसंच, आणि ते जास्त धक्कादायक आहे कारण कुठल्याही दोन अपूर्णांकांच्या मध्ये अजून अनंत अपूर्णांक असतात. तरी त्यांची यादी होते: अंश आणि छेद यांची बेरीज २ येते ते आधी, मग ३ येते ते, मग ४ येते ते. प्रत्येक बेरजेला मोजकेच अपूर्णांक, त्यामुळे कधी ना कधी प्रत्येकाचा नंबर लागतो. अशी यादी करता येते त्या अनंताला आलेफ-शून्य म्हणतात. सरांना यादी दाखव, त्यांनाही आवडेल.

मी बँकेतून निवृत्त झालो आहे, फावल्या वेळात गणित वाचतो. कँटरची ती तिरकी सिद्धता काही पटत नाही. यादीत नसलेली संख्या सापडली तर ती यादीत सगळ्यात वर टाकावी, विषय संपला. शिवाय हीच युक्ती अपूर्णांकांच्या यादीवर का चालू नये? (सांगली)

काका, तुमचे दोन्ही प्रश्न एक नंबर आहेत, आणि दुसरा तर शिकवणारेही टाळतात.

आधी युक्ती थोडक्यात, बाकीच्यांसाठी. समजा ० ते १ मधल्या सगळ्या दशांश संख्यांची कुणी यादी करून आणली. पहिल्या संख्येचा पहिला अंक बघा, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, असं तिरकं खाली जा. आणि आपली नवी संख्या लिहीत चला: तिथे ५ असेल तर ४ लिहा, ५ नसेल तर ५ लिहा. ही संख्या यादीतल्या पहिलीशी पहिल्या अंकात वेगळी, दुसरीशी दुसऱ्या अंकात, हजाराव्या नंबरवालीशी हजाराव्या अंकात. म्हणजे यादीत नाहीच. ४ आणि ५ च वापरायचं कारण असं की ०.४९९९... आणि ०.५ या एकच आहेत, तो ९ आणि ० चा घोळ टाळायला. ही सिद्धता १८९१ ची, पण याच निष्कर्षाची त्याचीच वेगळी सिद्धता १८७४ ला छापून आलेली होती, तिच्यात दशांश वगैरे काही नाही.

आता तुमचं म्हणणं, नवी संख्या वर टाकू. टाका की. मग ती नवी यादी झाली, तिच्यावर परत तीच युक्ती, परत एक सुटलेली. दावा ‘ही यादी अपुरी आहे’ असा नाहीच, दावा असा आहे की जी कुठली यादी आणाल, दुरुस्त केलेली, दुरुस्तीची दुरुस्ती केलेली, ती अपुरीच असणार. बँकेच्या भाषेत सांगायचा मोह होतोय पण आवरते.

अपूर्णांकांवर युक्ती चालवा, चालते! फक्त जी संख्या बाहेर पडते ती अपूर्णांक असेलच असं नाही. अपूर्णांकाचे दशांश अंक कुठेतरी संपतात किंवा पुढे पुन्हा पुन्हा तेच येत राहतात, आणि तिरक्या रेषेवरून उचललेल्या अंकांना तशी काही सक्ती नाही. उलट अपूर्णांकांची पूर्ण यादी आपल्याकडे आहे म्हटल्यावर बाहेर पडलेली संख्या अपरिमेयच असणार, म्हणजे एक फुकटची अपरिमेय संख्या मिळाली. वास्तव संख्यांच्या, म्हणजे रेषेवरच्या सगळ्या दशांश संख्यांच्या, वेळी मात्र बाहेर पडलेली संख्याही वास्तवच असते, म्हणून तिथे विरोधाभास होतो. पूर्ण संख्यांवर का चालत नाही तेही याच प्रकारचं, पूर्ण संख्येला अंक मोजकेच असतात आणि युक्तीतून न संपणारी अंकांची रांग येते, ती पूर्ण संख्याच नव्हे.

म्हणजे अनंतं दोनच ना, यादी होणारं आणि न होणारं? आणि रेषेपेक्षा चौरसावर बिंदू जास्त असतील असं मी धरून चालले आहे. (आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, औरंगाबाद रोड, अहमदनगर)

दोन नाहीत, अनंत आहेत. कुठलाही संच घ्या, त्याच्या सगळ्या उपसंचांचा संच, ज्याला घातसंच म्हणतात, तो मूळ संचापेक्षा नेहमी मोठाच असतो, वरचीच तिरकी युक्ती जरा बदलून. मग त्याचा घातसंच, परत त्याचा, शिडी कधी संपत नाही. वास्तव संख्या या पूर्ण संख्यांच्या घातसंचाएवढ्या आहेत, म्हणजे पहिलीच पायरी.

आणि चौरसाचं चुकलं. कँटरलाही आधी तुझ्यासारखंच वाटायचं. चौरसातल्या बिंदूचे दोन आकडे असतात, ०.अबक... आणि ०.पफब... असे, त्यांचे अंक एकाआड एक गुंफले की एकच आकडा तयार होतो, म्हणजे रेषेवरचा एक बिंदू. डेडेकिंडने यात तो ९ आणि ० वाला घोळ दाखवला, कँटरने दुसऱ्या मार्गाने दुरुस्त केलं, आणि जून १८७७ च्या पत्रात त्याला लिहिलं की मला दिसतंय, पण विश्वास बसत नाही. जर्मन पत्रात तेवढंच वाक्य फ्रेंचमध्ये. रेषा, चौरस, खोली, सगळीकडे तेवढेच बिंदू.

मी न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. यूट्यूबवर पाहिलं की कंटिन्युअम हायपॉथिसिस ‘खरंही नाही आणि खोटंही नाही’ असं सिद्ध झालंय. हे म्हणजे गणिताने हात वर केले असंच झालं ना?

यूट्यूबवाल्यांनी तुमची जरा फसवणूक केलीय. सिद्ध झालंय ते वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त भारी आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न असा: पूर्ण संख्यांचं अनंत आलेफ-शून्य. वास्तव संख्यांचं त्याहून मोठं. या दोघांच्या मधल्या मापाचा एखादा संच आहे का? कँटर १८७८ पासून म्हणत आला की नाही, मध्ये काही नाही, आलेफ-शून्याच्या लगेच पुढचं माप म्हणजे आलेफ-एक, आणि वास्तव संख्या बरोबर आलेफ-एक आहेत. हेच ते कंटिन्युअम हायपॉथिसिस. १८८४ मध्ये त्याने स्वीडनच्या मित्ताग-लेफ्लरला कळवलं की सिद्ध झालं, मग काही महिन्यांनी कळवलं की उलट सिद्ध झालं, मग तेही मागे घेतलं. १९०० साली पॅरिसच्या काँग्रेसमध्ये हिल्बर्टने नव्या शतकासाठी प्रश्नांची यादी काढली, २३ प्रश्नांच्या त्या यादीत हा पहिला. १९०४ ला हायडेलबर्गला क्योनिग नावाच्या हंगेरियन गणितज्ञाने कँटरच्या देखतच भर सभेत जाहीर केलं की वास्तव संख्या आलेफांच्या रांगेत बसतच नाहीत, त्यातही चूक निघाली, पण त्या चुकलेल्या सिद्धतेतला एक तुकडा खरा उरला, त्याच्याकडे परत येते. हिल्बर्टने स्वतः १९२५ ला सिद्धतेचा आराखडा मांडला, तोही टिकला नाही.

गाडी पुढे गेली ती प्रश्न बदलल्यावर. संच म्हणजे काय, कुठले संच आहेत असं म्हणायची मुभा आहे, याचे नियम झर्मेलोने १९०८ मध्ये लिहून काढले, नंतर फ्रेंकेल आणि स्कोलेम यांनी त्यात भर घातली. आजचं जवळजवळ सगळं गणित या गृहीतकांवर उभं राहतं, त्यांना झेडएफसी म्हणतात. मग प्रश्न असा विचारायचा की या नियमांवरून हायपॉथिसिस सिद्ध होतं का, किंवा खोटं पडतं का.

१९३८ मध्ये कुर्ट गोडेलने अर्धं उत्तर दिलं. त्याने संचांचं एक काटकसरी जग बांधलं, पायरीपायरीने, आणि प्रत्येक पायरीवर फक्त तेच संच घ्यायचे ज्यांचं आधीच्या पायरीवरच्या संचांवरून नेमकं वर्णन करता येतं, बाकी कुणाला प्रवेश नाही. या जगात झेडएफसीचे सगळे नियम पाळले जातात, आणि वास्तव संख्या इतक्या मोजक्या असतात की त्या बरोबर आलेफ-एक भरतात. म्हणजे झेडएफसी वापरून तुम्ही हायपॉथिसिस खोटं पाडूच शकत नाही (झेडएफसी मुळात विसंगत नसेल तर, ही अट सगळीकडे धरून चाला).

उरलेलं अर्धं १९६३ मध्ये पॉल कोहेनने दिलं, आणि गंमत म्हणजे तो लॉजिकवाला नव्हताच, अ‍ॅनालिसिस करणारा माणूस. त्याने उलटं केलं. एक लहानसं जग घ्या, बाहेरून बघितलं तर त्यात नसलेल्या वास्तव संख्या ढिगाने दिसतात. त्यातल्या आलेफ-दोन (म्हणजे आलेफ-एकच्या लगेच पुढचं माप) इतक्या नव्या संख्या त्या जगात घुसवायच्या, साधारण जसं परिमेय संख्यांमध्ये २ चं वर्गमूळ टाकून आपण मोठी पद्धत बनवतो तसं. अवघड भाग पुढे आहे: नव्या संख्या टाकताना नियम मोडता कामा नयेत, आणि आलेफ-एक व आलेफ-दोन ही मापंच कोसळून एक होता कामा नयेत. म्हणून त्या संख्या मुद्दाम अशा बिनचेहऱ्याच्या निवडायच्या की त्यांच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट त्यांच्याविषयीच्या मोजक्याच माहितीवरून ठरावी. या पद्धतीला फोर्सिंग म्हणतात. कोहेनने ते गोडेलला नेऊन दाखवलं, गोडेलनेच तो पेपर अमेरिकन अकादमीच्या जर्नलकडे पाठवला, आणि १९६६ ला मॉस्कोत कोहेनला फील्ड्स मेडल मिळालं.

म्हणजे सिद्ध काय झालं? की ‘झेडएफसी’ एवढ्या नियमांवरून ना हो म्हणता येत ना नाही. नियमांबद्दलचं हे विधान पूर्ण सिद्ध आहे, शंभर टक्के, त्यात हात वर करण्यासारखं काहीच नाही. ‘खरंही नाही खोटंही नाही’ हा त्यावर चढवलेला अर्थ आहे, आणि तो पटवून घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. काही लोक युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीतकासारखं बघतात, दोन्ही भूमिती चालतात, हवी ती घ्या. गोडेलला हे अजिबात मान्य नव्हतं, त्याने १९४७ मध्ये लिहिलं की संच ही खरीखुरी गोष्ट आहे, तर उत्तर आहेच, आपले नियमच तोकडे आहेत. आणि त्याचा कल तर हायपॉथिसिस खोटं असण्याकडे होता, स्वतःच ते खोटं पाडता येत नाही हे सिद्ध केलेलं असताना!

क्योनिगच्या तुकड्याचं राहिलं. कोहेननंतर कळलं की वास्तव संख्यांचं माप आलेफ-दोन, आलेफ-तीन, आलेफ-सतरा, काहीही असू शकतं, झेडएफसीची हरकत नाही. पण आलेफ-शून्य, एक, दोन, तीन असं सगळं ओलांडून लगेच जे माप येतं, आलेफ-ओमेगा, ते मात्र कधीच असू शकत नाही. हे त्या १९०४ च्या फसलेल्या भाषणातून उरलेलं आहे.

सोबत हायपॉथिसिसची माझी सिद्धता जोडली आहे. सारांश: मधल्या मापाचा एकही संच आजवर कुणी दाखवू शकलेला नाही, म्हणून तो नाही. कृपया छापावी. (कोल्हापूर)

छापत नाही, पण राग मानू नका, तुमच्या निरीक्षणात दम आहे. खरंच कुणी दाखवलेला नाही, आणि कुणी सरळ मार्गाने दाखवूही शकणार नाही याची सिद्धता आहे. रेषेवरचा कुठलाही ‘बंद’ संच घ्या, म्हणजे आपले सीमाबिंदू स्वतःकडे ठेवणारा, तो एक तर यादी होण्याइतका लहान असतो नाहीतर थेट सगळ्या रेषेएवढा मोठा, हे कँटरच्याच काळात झालं. १९१६ मध्ये अलेक्झांड्रोव आणि हाउसडॉर्फ या दोघांनी वेगवेगळं काम करून हेच बोरेल संचांसाठी सिद्ध केलं, आणि इंजिनीअरिंग-फिजिक्समध्ये तुम्हाला आयुष्यात भेटेल तो प्रत्येक संच बोरेल असतो असं धरायला हरकत नाही. अंतरालं, त्यांचे संयोग, छेद, पूरक, परत संयोग, हे सगळं त्यात आलं.

पण ‘दाखवता येत नाही’ वरून ‘नाही’ वर उडी मारता येत नाही. कोहेनच्या जगात मधला संच असतो, फक्त तो इतका अनियमित असतो की बोरेलच्या पद्धतीने बांधता येत नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मजेदार गोष्ट हीच आहे, भांडण अशा संचांवरून चाललंय ज्यांना कुणी हाताने धरू शकत नाही. तुमच्या पानांतला तिसऱ्या पानावरचा ‘बंद’ संचांचा भाग मात्र बरोबर आहे, तो जपून ठेवा.

हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. पूर्णमदः पूर्णमिदम्, भास्कराचार्यांचा खहर, जैनांची अनंतं. तुम्ही लोक फक्त जर्मन नावं घेता. (परभणी)

नावं घेते की. भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलं आणि सांगितलं की त्यात कितीही मिळवा, काढा, बदल होत नाही, जसे प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी जीव आत-बाहेर होऊनही अनंत अच्युतात बदल होत नाही. सुंदर आहे, आणि आलेफ-शून्यात पाच मिळवले तरी आलेफ-शून्यच राहतो त्याच्याशी जुळतंही. जैन ग्रंथ तर याहून पुढे गेले, अनुयोगद्वार सूत्रात संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन वर्ग आहेत, असंख्यात आणि अनंताचे परत परीत, युक्त असे पोटभेद. अनंतात लहानमोठं असू शकतं हा विचार करण्याची हिंमत तिथे दिसते आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण कँटरचं काम म्हणजे ‘अनंतं अनेक आहेत’ हे वाक्य नव्हे. दोन विशिष्ट संच, पूर्ण संख्या आणि रेषेवरचे बिंदू, यांची जोडी कशीही लावली तरी जुळणार नाही याची ती सिद्धता आहे. खहर एकच आहे, त्याच्याहून मोठा खहर भास्कराचार्य सांगत नाहीत. आधीच होतं म्हटलं की भास्कराचार्यांनी जे खरंच केलं तेही वाचायचं राहून जातं, हे मला जास्त खुपतं.

अनंताचा विचार करून कँटर वेडा झाला हे खरं का? (मडगाव)

नाही हो. पहिला मोठा झटका १८८४ मध्ये आला आणि नंतर परत परत इस्पितळात जावं लागलं हे खरं, ६ जानेवारी १९१८ ला हाले गावी उपचार चालू असतानाच तो गेला. पण त्याच्या आजाराचे चढउतार बघता आज ते बायपोलरसारखं दुखणं समजलं जातं, ते गणिताने होत नाही. मध्ये १८९९ ला धाकटा मुलगा गेला, क्रोनेकरसारख्या वजनदार माणसाचा विरोध होता, त्याने त्रास वाढला असेल. ‘अनंतात डोकावला आणि डोकं फिरलं’ ही गोष्ट व्हिडिओला बरी पडते.

याचा उपयोग काय? (पुणे, दुसरं कुठून येणार)

१९३६ मध्ये ट्युरिंगने हीच तिरकी युक्ती वापरून दाखवलं की काही प्रश्नांची उत्तरं कुठलाच कॉम्प्युटर प्रोग्रॅम देऊ शकत नाही. प्रोग्रॅम यादी होण्याइतकेच, वास्तव संख्या त्याहून खूप जास्त, म्हणजे बहुतेक संख्या कुठल्याही यंत्राला मोजून काढता येणार नाहीत. हायपॉथिसिसचा स्वतःचा उपयोग विचाराल तर पूल बांधायला शून्य.

मग आज काय परिस्थिती आहे? आणि तुमचं स्वतःचं मत काय? (ठाणे)

आज भांडण नव्या गृहीतकांवरून आहे, झेडएफसीत कुठला नियम जोडला तर तो ओढूनताणून आणलेला वाटणार नाही. ह्यू वुडिन २००१ च्या सुमारास हायपॉथिसिस खोटं, वास्तव संख्या आलेफ-दोन, या बाजूने जोरात लिहीत होता. नंतर तोच गोडेलच्या काटकसरी जगाच्या एका खूप मोठ्या आवृत्तीकडे वळला, ‘अल्टिमेट एल’, आणि ते चाललं तर हायपॉथिसिस खरं ठरतं. दुसरीकडे २०२१ मध्ये आस्पेरो आणि शिंडलर यांनी दाखवलं की आलेफ-दोनकडे नेणारी दोन वेगवेगळी गृहीतकं, जी लांबून आलेली प्रतिस्पर्धी वाटायची, त्यातल्या एकाच्या सशक्त रूपातून दुसरं निघतं. त्यामुळे आलेफ-दोनवाल्यांची बाजू आता जरा वजनदार झालीय.

माझं मत गोडेलसारखं, प्रश्न खरा आहे आणि नियम अपुरे आहेत. आलेफ-दोन की आणखी काही यावर पैज लावणार नाही, पण आलेफ-एकवर तर मुळीच लावणार नाही, कारण ते उत्तर ज्या जगातून येतं त्या जगात संख्यांना फार काटकसरीने आत घेतलंय आणि संचांच्या बाबतीत काटकसर करायचं मला काही कारण दिसत नाही. माझा नवरा, जो याच विषयात शिकवतो, त्याला हे अजिबात पटत नाही. त्याचं पत्र आलं तर पुढच्या अंकात छापू, बाकीच्यांसारखंच, नाव न देता.